रेंज आल्यावर कोण बोलणार?

नागपूर आकाशवाणीचं 'अ' केंद्र मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्‌झला लागतं. भामरागड तिथून सरळ रेषेत साधारण अडीचशे किलोमीटर, सिरोंचा त्याहून थोडं लांब. मध्यम लहर जमिनीला धरून पसरते. नाले, टेकड्या, सागवानाचं रान ओलांडूनही ती बरीच दूर जाते. मोबाइल टॉवरची लहर काही किलोमीटरांत दमते आणि मध्ये डोंगर आला की तिथेच संपते. २०२० साली शाळांना कुलपं लागली आणि सगळा महाराष्ट्र ऑनलाइन तासांच्या मागे धावत होता, तेव्हा नागपूरचं विभागीय आयुक्त कार्यालय, आकाशवाणी आणि 'प्रथम' ही शिक्षणात काम करणारी संस्था यांनी ही जुनी लहर धरली. 'शाळेबाहेरची शाळा' हा त्यांचा कार्यक्रम नागपूर विभागातल्या सहाही जिल्ह्यांसाठी होता, त्यात चंद्रपूर आणि गडचिरोली आलेच. ठरलेल्या दिवशी सकाळी रेडिओवर धडा लागायचा. घरात हाताशी असेल ते घेऊन करायच्या कृती, गोष्टी, गाणी, कोडी. आणि आईवडिलांनाही त्यात ओढून घेतलेलं.

करोनाकाळातल्या शिक्षणाच्या चर्चेत या कार्यक्रमाचं नाव क्वचित निघतं. झूम, व्हॉट्सॲप, सरकारचं दीक्षा ॲप यांवर परिसंवाद झाले, प्रबंध झाले. मला मात्र वाटतं, त्या दोन वर्षांत सरकारने आणि संस्थांनी जे जे केलं त्यातलं या दोन जंगली जिल्ह्यांना सगळ्यात मानवणारं काम हेच होतं. एक संच आणि भोवती दहा मुलं. डाटा लागत नाही, रिचार्ज लागत नाही. रोवणीच्या दिवसांत आई चुलीपाशी असली तरी ऐकू शकते. वीज गेली तरी दोन सेल पुरतात. शाळा उघडल्या आणि त्या धड्यांमागे उभं राहिलेलं सगळं, म्हणजे ते पाठ लिहिणारे, गावागावांत मुलांना संचाभोवती गोळा करणारे तरुण, ती ध्वनिमुद्रणं, हळूहळू विस्मरणात गेलं. हा लेख त्या विस्मरणाबद्दल आहे, कारण आता या जिल्ह्यांत नवं यंत्र येऊ घातलंय आणि तीच चूक पुन्हा होण्याची चिन्हं दिसताहेत.

रेडिओवरून शिकवता येतं हे जगाला नवं नाही. १९७४ मध्ये निकाराग्वात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी प्राथमिक शाळांसाठी रेडिओवरून गणित शिकवायला सुरुवात केली. त्यांची रीत साधी होती. निवेदक प्रश्न विचारायचा, मग काही क्षण थांबायचा. त्या मोकळ्या जागेत वर्गातली मुलं मोठ्याने उत्तर द्यायची आणि मग निवेदक बरोबर उत्तर सांगायचा. मुलांना वाटायचं, तो आपल्याशीच बोलतोय. फारसं प्रशिक्षण नसलेल्या शिक्षकांच्या वर्गातही ही पद्धत चालली आणि पुढे अनेक देशांनी ती उचलली. पण त्या पद्धतीत एक अट लपलेली आहे: रेडिओवरचा प्रश्न मुलाला कळला पाहिजे.

इथेच गडचिरोली वेगळी पडते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरांचा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आसपास, म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये ७४ माणसं. त्यांतली ३८.७ टक्के अनुसूचित जमातींची. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी माडिया गोंड आणि कोलाम या दोन या पट्ट्यात राहतात; माडिया भामरागड-एटापल्लीकडे, कोलाम चंद्रपूरच्या जिवतीच्या डोंगरात. सिरोंच्यात घराघरांत तेलुगू ऐकू येते. मुलचेऱ्यात आणि चामोर्शीत पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या कुटुंबांची बंगाली आहे. कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी आणि गोंडी, वडसा-आरमोरीकडे झाडीबोली. जिवतीच्या टोकाला महाराष्ट्र आणि तेलंगण दोघांनीही आपली म्हटलेली चौदा गावं आहेत. तिथे मराठीची शाळा आहे आणि तेलुगूचीही. अशा मुलखात मराठी माध्यमाच्या पहिलीत येणाऱ्या बऱ्याच मुलांनी घरी मराठी जवळपास ऐकलेलीच नसते.

शाळा बंद राहिल्या तो काळ किती लांब होता हे आता लोक विसरले आहेत. मार्च २०२० च्या मध्यावर बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग ग्रामीण महाराष्ट्रात सरसकट उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. वीस महिन्यांहून अधिक काळ. त्या काळात पहिलीत नाव घातलेलं मूल वर्गाची पायरी न चढता दुसरीच्या मध्यावर आलं. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या मोहिमेत राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवर यायचा. जिल्हा, तालुका, केंद्रप्रमुख, शिक्षक, पालक अशा गटांतून तो खाली खाली उतरायचा. शेवटच्या पायरीवर मात्र पालकाकडे स्मार्टफोन लागायचा. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने 'टिलीमिली' ही मालिका केली आणि सह्याद्री वाहिनीने २० जुलै ते २६ सप्टेंबर २०२० या काळात ती दाखवली. पहिली ते आठवीसाठी ४८० भाग. बालभारतीच्या अभ्यासक्रमाला धरून, पण घरातल्या आणि परिसरातल्या गोष्टींतून शिकवणारी ती मालिका खरंच चांगली होती. ती पाहायला घरात टीव्ही, छताला डिश आणि तारेत वीज हवी.

वीज. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं, महानिर्मितीचं सगळ्यात मोठं. त्या केंद्राची राख चंद्रपूरकर श्वासात घेतात आणि वीज राज्यभर जाते. त्याच जिल्ह्यातल्या जिवतीच्या गुड्यांवर किंवा पलीकडे भामरागडच्या टोल्यांवर पावसाळ्यात एकदा तार तुटली की ती कधी जोडली जाईल याचा भरवसा नसतो. पर्लकोटेला पूर आला की पुलावर पाणी चढतं आणि भामरागड दरवर्षी जगापासून तुटतं. रस्ता जातो, वीज जाते, मग टॉवरचा जनरेटर डिझेल संपेपर्यंत चालतो. इथलं दूरशिक्षण कसं असावं हे ठरवताना पुण्या-मुंबईतल्या बैठकीत या क्रमाचा विचार झाला पाहिजे, कारण इथे यंत्रं याच क्रमाने बंद पडतात.

फोन घरात असणं आणि मुलाच्या हातात असणं यांतही अंतर आहे. 'असर' सर्वेक्षणानुसार देशातल्या ग्रामीण भागात ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, २०२१ मध्ये ते ६७.६ वर गेलं. तीन वर्षांत जवळपास दुप्पट. पण त्याच २०२१ च्या पाहणीत, घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी २६.१ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. फोन वडिलांबरोबर कामावर जातो, मोठ्या भावाच्या खिशात राहतो. तेंदूपत्त्याच्या हंगामात तर पहाटेपासून सगळं घरच जंगलात असतं. मुलीची पाळी सगळ्यांत शेवटी येते आणि तोवर बॅटरी उतरलेली असते. पुढचा परिणाम आकड्यांत दिसतो. तिसरीत असून दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं देशभरात २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ उरली. २०२४ मध्ये ती पुन्हा २७.१ वर आली, आणि हे भरून काढलं ते उघडलेल्या वर्गांनी, समोर बसलेल्या शिक्षकांनी.

आश्रमशाळांचा प्रश्न आणखी अवघड होता. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर या पाच प्रकल्प कार्यालयांखालच्या आश्रमशाळांतली मुलं टाळेबंदीत आपापल्या गावी परतली आणि दूरदूर विखुरली. आदिवासी विकास विभागाने तेव्हा 'अनलॉक लर्निंग' नावाचा कार्यक्रम काढला. छापील पुस्तिका घरपोच द्यायच्या, शिक्षकांनी गावोगावी फिरायचं आणि गावातल्याच शिकलेल्या मुला-मुलींनी रोज धाकट्यांना घेऊन बसायचं. याला कुणी डिजिटल म्हणणार नाही. पण मुलाच्या शेजारी त्याची भाषा बोलणारं माणूस बसलं तर लांबून आलेला धडा त्याच्यापर्यंत पोहोचतो, हे ज्या थोड्या कामांनी दाखवलं त्यांतलं हे एक.

एटापल्ली तालुक्यातल्या एका दोन शिक्षकी शाळेत मी हे जवळून पाहिलं. पहिली ते चौथीचे वर्ग एकाच खोलीत, दुसऱ्या खोलीत खिचडीचं सामान आणि कपाट. लोकवर्गणीतून घेतलेला बत्तीस इंची टीव्ही भिंतीवर टांगलेला, त्याला पेनड्राइव्ह लावलेला. गुरुजी महिन्याच्या मीटिंगला तालुक्याला जातात, तिथे रेंजमध्ये बसून दीक्षावरचे, यूट्यूबवरचे धडे उतरवून घेतात आणि पेनड्राइव्हवर घालून आणतात. गावात रेंज आहे ती पाण्याच्या टाकीच्या चबुतऱ्यावर, तीही संदेश जाण्यापुरती. त्या दिवशी त्यांनी पहिलीसाठी भाजीबाजाराचं एक गाणं लावलं. रंगीत चित्रं, ठेक्याचं संगीत. मुलं डोलली, हातवारे केले, ओळी जशाच्या तशा म्हटल्या. शहरातला कुणी अधिकारी त्या वेळी दारात उभा असता तर शेऱ्याच्या वहीत 'उत्कृष्ट' लिहून गेला असता. गाणं संपल्यावर गुरुजींनी विचारलं, बाजारातून काय काय आणलं? कुणी बोललं नाही. पुढच्या रांगेतली मुलं टीव्हीच्या काळ्या काचेकडे बघत राहिली.

मग चौथीतली एक मुलगी उठून पहिलीच्या रांगेपाशी आली. तिने टीव्हीवर चित्र थांबवायला लावलं, कोबीवर बोट ठेवलं आणि माडियात काहीतरी विचारलं. एकदम चार जण बोलायला लागले. कोबी त्यांच्या घरी शिजतच नसावी, पण वांगं, भोपळा, मिरची ओळखीची निघाली. एका पोराने कुठली भाजी घरामागे लागते आणि कुठली जंगलातून आणावी लागते हे इतकं भराभर सांगितलं की तिला मराठीत करून सांगताना दम लागला. गुरुजींनी तिने दिलेले शब्द फळ्यावर मराठी नावांशेजारी देवनागरीत लिहून घेतले. ते लातूरकडचे, इथे रुजू होऊन थोडीच वर्षं झालेली. माडिया त्यांना मोडकीतोडकी समजते. पुढची वीस मिनिटं त्या वर्गात जे चाललं होतं त्याला मी शिक्षण म्हणेन. टीव्ही तोच, चित्र तेच. ती चौथीतली मुलगी नसती तर त्याच पडद्यासमोर ती पोरं पाठांतर करत राहिली असती.

त्या मुलीच्या जागी एक पगारी माणूस असावं, एवढंच माझं मागणं आहे.

आपल्याकडे या बाबतीतला इतिहास पन्नास वर्षांचा आहे आणि तो वाचून वाईट वाटतं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर भारताने अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह उसना घेऊन 'साइट' नावाचा प्रयोग केला. सहा राज्यांतल्या २,४०० गावांत थेट उपग्रहावरून दूरदर्शन. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण तेव्हाच्या मध्य प्रदेशातली रायपूर, दुर्ग, बिलासपूरकडची गावं होती, म्हणजे आपल्या सीमेपलीकडचाच मुलूख. जगाने या प्रयोगाची वाहवा केली. वर्ष संपलं, उपग्रह आपल्या जागेवरून हलला आणि बहुतेक गावांतले पडदे काळे झाले. पुढे १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी आली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या मराठी वाचकाला तिची नांदीची धून अजून आठवत असेल. राज्यातल्या मुलांसाठी, राज्याच्या भाषेत चालणारं एक निर्मितीकेंद्र आपल्याकडे होतं. निधीअभावी ते खंगत गेलं, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि २०१७ मध्ये ते बंद झालं. नेमकं त्याच वर्षी, ५ सप्टेंबरला, दिल्लीत दीक्षाचं उद्घाटन झालं. कार्यक्रम बनवण्याचा तीस वर्षांचा अनुभव असलेली माणसं आपण घरी पाठवली आणि लगेच कार्यक्रम साठवण्यासाठी नवं कोठार उघडलं.

२०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या लाटेत जिल्हा परिषदेच्या हजारो शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. ती चळवळ वरून आलेली नव्हती. ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्यासारख्या आदिवासी शाळेतून, शिक्षकांच्या हौसेतून ती पसरली, म्हणून तिच्याबद्दल मला आदर आहे. सोलापूरच्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याने ती कल्पना घेतली आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्या लाटेत गावांनी प्रोजेक्टर घेतले, टीव्ही घेतले. पण शाळेचं वीजबिल कोण भरणार हे कुठेच नीट ठरलं नव्हतं. किती तरी शाळांची जोडणी थकबाकीपायी तोडली गेली, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या फुगल्या, प्रोजेक्टरचा दिवा गेला तर बदलायला पैसे नव्हते. यंत्र घेताना वर्गणी मिळते, फोटो निघतात. ते पाच वर्षं चालवण्यासाठी कुणी वर्गणी देत नाही.

या पार्श्वभूमीवर दोन नावं नोंदवायला हवीत. २०२१ चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार सिरोंचा तालुक्यातल्या असरअल्ली इथले जिल्हा परिषद शिक्षक खुर्शिद शेख यांना मिळाला. २०२४ चा मिळाला एटापल्ली तालुक्यातल्या जाजावंडीच्या मांतय्या बेडके यांना. राज्यातला सगळ्यात दुर्गम समजला जाणारा जिल्हा चार वर्षांत दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवला गेला. त्याच २०२१ च्या यादीत धाराशिवच्या उमरगा तालुक्यातले उमेश खोसे होते, ज्यांनी तांड्यावरच्या मुलांसाठी पहिलीचं पुस्तक बंजारा बोलीत नेलं. जिवतीच्या डोंगरातली पालडोहची शाळा वर्षाचे ३६५ दिवस भरते म्हणून गाजली. रविवार नाही, दिवाळीची सुट्टी नाही. या सगळ्यांच्या कामात टॅब आहे, व्हिडिओ आहे, क्यूआर कोड आहे. पण त्यांची सुरुवात मुलांच्या घरच्या भाषेपासून आणि गावाशी जुळलेल्या नात्यापासून झाली. यंत्र नंतर आलं आणि म्हणून टिकलं.

आता उलट बाजूने पाहू. गोंडी बोलणाऱ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक. ही भाषा आठव्या परिशिष्टात नाही. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगढ, तेलंगण अशी राज्यांत वाटली गेलेली, त्यामुळे प्रत्येक राज्यात अल्पसंख्य. तरीही तंत्रज्ञानाच्या बाबतीत तिची तयारी आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ पुढे गेली आहे. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. पुढच्याच वर्षी गुंजाळा गोंडी आली, जिची हस्तलिखितं चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादच्या गुंजाळा गावात सापडली होती. त्याच सुमारास वेगवेगळ्या राज्यांतल्या गोंडी जाणकारांनी कार्यशाळांमागून कार्यशाळा घेऊन एक सामाईक शब्दकोश सिद्ध केला. शेकडो बालकथा गोंडीत भाषांतरित होऊन 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर मोफत ठेवल्या गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' हे भाषांतराचं ॲप आणलं, त्यातल्या पहिल्या चार भाषांत गोंडी आहे. ती छत्तीसगढकडची गोंडी आहे आणि भामरागडचा माडिया पोरगा ती ऐकून सगळंच समजेल असं नाही. तरी पाया पडला आहे.

यांतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट 'सीजीनेट स्वर' आणि तिचा 'बुल्टू रेडिओ'. पत्रकार शुभ्रांशू चौधरी यांनी २०१० मध्ये छत्तीसगढात हे काम सुरू केलं. साध्या फोनवरून एका नंबरला मिस कॉल द्यायचा, उलट फोन येतो, मग आपल्या बोलीत आपलं म्हणणं बोलून ठेवायचं. इंटरनेट नको, अक्षरओळखही नको. पुढे या आवाजांचे कार्यक्रम बांधले गेले. रेंजमध्ये येणारा गावातला एखादा तरुण ती फाइल उतरवून घ्यायचा आणि ब्लूटूथने एका फोनवरून दुसऱ्यावर देत गावभर पोहोचवायचा. ब्लूटूथचं लोकांनी बुल्टू केलं आणि तेच रेडिओचं नाव झालं. एटापल्लीचे गुरुजी पेनड्राइव्ह घेऊन जातात तीही हीच वाट. सीमेपलीकडच्या त्याच जंगलात, त्याच भाषेत, नेटवर्कशिवाय आवाज कसा फिरवायचा हे लोकांनी शोधून काढलं होतं. आपल्या शिक्षण खात्याने ते धड्यांसाठी वापरून पाहायला काहीच हरकत नव्हती.

त्याऐवजी आपण काय केलं ते धानोरा तालुक्यातल्या मोहगावात दिसतं. तिथल्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा काढली. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं संविधानाचं कलम ३५० अ सांगतं. शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं असं शिक्षण हक्क कायदाही सांगतो. शिक्षण खात्याने मात्र ती शाळा अनधिकृत ठरवली आणि ग्रामसभेला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची पायरी चढावी लागली. जे गाव आपल्या मुलांना त्यांच्या भाषेत शिकवण्यासाठी स्वतःच्या खिशातून माणूस ठेवतं, त्याला सरकारने शोधून काढून मदत करायला हवी होती.

आता त्या येऊ घातलेल्या नव्या यंत्राकडे वळू. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केलं. उपग्रहावरून इंटरनेट पोहोचवण्यासाठी जे दुर्गम जिल्हे निवडले त्यांत गडचिरोली आहे. नंदुरबार, वाशीम आणि धाराशिवही आहेत. मी या बातमीने आनंदलो, हे मोकळेपणाने सांगतो. वांगेतुरी-गर्देवाड्याकडे एसटीची पहिली फेरी सुरू व्हायला १ जानेवारी २०२५ उजाडला; अशा मुलखात शाळेच्या छपरावर डिश बसली आणि टॉवरची वाट पाहायची गरज संपली, तर ते मोठंच काम होईल. एखादी आजारी मुलगी आश्रमशाळेतून डॉक्टरशी बोलू शकेल. बारावी विज्ञानाला शिक्षक नसलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचा तास होऊ शकेल. मोठ्या मुलांसाठी, ज्यांना मराठी-इंग्रजी येतं, दूरवरचा चांगला शिक्षक हा खरोखर वरदान असतो.

माझी काळजी पहिली ते चौथीची आहे. आणि शिक्षकाच्या वेळेची. आज दुर्गम शाळेतला शिक्षक रेंज सापडली की आधी माहिती भरतो. यू-डायस, सरल, पोषण आहाराची रोजची नोंद, हजेरी, प्रत्येक उपक्रमाचे फोटो, लिंकवर लिंक. दोन शिक्षकी शाळेतला एक जण टाकीच्या चबुतऱ्यावर फोन धरून उभा असला की चारही वर्ग दुसऱ्यावर पडतात. डिश बसली की ही कामं वर्गात बसून होतील, आणि मग ती वाढतील अशी धास्ती मला कित्येक शिक्षकांच्या बोलण्यात दिसली. नवी जोडणी आली तर तिच्यावरून पहिल्या वर्षी माहिती वर जाण्याऐवजी धडे खाली यावेत, असा एक साधा आदेश काढता येईल.

आणि ते धडे कुठले, हे आताच ठरवायला हवं. माडियातले, कोलामीतले, गोंडीतले ऐकायचे पाठ बनवायला स्टुडिओ लागत नाही. एक बरा फोन, शांत खोली आणि बोलणारी माणसं लागतात. गावातल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी, मोहफुलांची आणि धानाची मोजणी, पाखरांची नावं, बाजाराचा हिशेब. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत, गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून या दोन जिल्ह्यांसाठीच उभं आहे, हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाची शाळा १९७६ पासून माडिया मुलांना शिकवत आली आहे. चंद्रपूरला आकाशवाणीचं केंद्र आहे. पाठ एकदा तयार झाले की ते रेडिओवरून जातील, पेनड्राइव्हवरून जातील, उपग्रहावरूनही जातील.

राहिला तो चौथीतल्या मुलीच्या जागी बसणाऱ्या माणसाचा पगार. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. शिक्षण त्या यादीत आहे. गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा आता तेंदू आणि बांबूचा लिलाव स्वतः करतात, हिशेब स्वतः ठेवतात. बारावी झालेली, माडिया आणि मराठी दोन्ही बोलणारी मुलगी बहुतेक टोल्यांवर आज आहे. आठवी-दहावीनंतर आश्रमशाळेतून परतलेली तर नक्कीच आहे. ग्रामसभेने तिला नेमायचं, अर्धं मानधन अबंध निधीतून आणि अर्धं शिक्षण खात्याने द्यायचं, आणि तिची नेमणूक यंत्राच्या हमीच्या मुदतीपेक्षा जास्त वर्षांची असावी. छपरावर डिश बसवायचा ठेका निघेल त्याच कागदावर हेही लिहिता येईल.